मागच्या सीटवरून मुक्तिनाथ

मी मोटरसायकल शिकले ती वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, मस्कतमध्ये. मुलगी कॉलेजसाठी पुण्याला गेली आणि वादी कबीर भागातल्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच उरलो. नवरा पंप बसवणाऱ्या कंपनीत इंजिनियर, मी शाळेत फिजिक्स शिकवते. शुक्रवारी सकाळी त्याच्या मोटरसायकलवरून कुरियातपर्यंत जायचं, चिप्सचा चुरा भरलेला पराठा आणि कडक चहा घ्यायचा, ऊन चढायच्या आत परत यायचं, असा आमचा क्रम. असंच एकदा परत येताना मी त्याच्या पाठीमागून ओरडून म्हटलं, "मला शिकव."

"आता?"

"मग काय रिटायर झाल्यावर?"

त्याने शिकवलं, आणि मन लावून शिकवलं. लायसन्स मिळाल्यावर त्याने मला आमरातहून बौशरला उतरणाऱ्या घाटात नेलं. दोन्ही बाजूंना नागडे तपकिरी डोंगर आणि मध्ये सरळ खाली जाणारा तीव्र उतार. "ब्रेकवर जाऊ नकोस, गिअरवर उतर," एवढंच त्याने सांगितलं. मी उतरले. पुढे दर शुक्रवारी उतरत राहिले. मराठी मंडळात बायका विचारायच्या, "अगं, भीती नाही वाटत?" वाटायची. पण रस्ता नीट बघितला की कमी व्हायची, हे मला कळलं होतं.

नेपाळ त्याचं कॉलेजपासूनचं स्वप्न होतं. मार्चमध्ये शाळेला सुट्टी लागली तशी आम्ही काठमांडू गाठलं, तिथून पोखरा. पोखऱ्यात दोन मोटरसायकली भाड्याने घेतल्या, त्याला एक, मला एक. काली गंडकी नदीच्या कडेने वर वर जायचं, थेट मुक्तिनाथपर्यंत.

ओमानच्या डोंगरांची सवय झालेल्या डोळ्यांना तिथली हिरवळ पहिला दिवसभर खरी वाटेना. रस्ता मात्र खरा होता. डांबर संपलं, चिखल सुरू झाला. समोरून बस आली की आम्ही डोंगराच्या कुशीत शिरून उभे राहायचो आणि ती दरीच्या बाजूने निघून जायची. पहिल्या मुक्कामी माझे खांदे इतके दुखत होते की जेवताना मी घासही हळूहळू उचलत होते. पण मी खुशीत होते. नवरा दहा वेळा म्हणाला, "काय चालवलीस गं!"

दुसऱ्या दिवशी दुपारी रस्त्यावर ओढा आडवा आला. एरवी तो घोट्याएवढा असतो म्हणे. वर कुठे तरी पाऊस झाला होता आणि गढूळ पाणी रस्त्यावरून पलीकडे दरीत कोसळत होतं. अलीकडे रस्त्याचं काम करणारी काही माणसं बाजूला बसून पाहत होती. आमच्यासमोर यात्रेकरूंची एक जीप पाण्यात शिरली, डुलली आणि पलीकडे निघाली.

"जीप गेली की," नवरा म्हणाला. "चल."

"नाही. थांबू या."

"अगं, गुडघ्याएवढंही नाहीये."

"खाली काय आहे ते दिसतंय का? ओमानमध्ये इतकी वर्षं काढून तू वाहत्या पाण्यात गाडी घालणार?"

काही वर्षांपूर्वी मस्कतच्या वादी अदाईत, एरवी कोरड्या असणाऱ्या नदीपात्रात, पाणी आलं होतं तेव्हा मुलगी माझ्या गाडीत होती. मी पाण्याच्या अलीकडे गाडी उभी केली. मागचे हॉर्न वाजवून थकले, एक पिकअप मला ओलांडून पुढे गेला. माझ्या डोळ्यांदेखत तो आडवा झाला आणि काडेपेटीसारखा वाहत गेला. ड्रायव्हर वेळेवर उडी मारून वाचला. ते दृश्य माझ्या मनातून कधी गेलं नाही. नवरा त्या दिवशी ऑफिसात होता, त्याने ते फक्त ऐकलं होतं.

"मी जाऊन दाखवतो, मग तू ये," असं म्हणून त्याने गाडी पाण्यात घातली.

मधोमध पुढचं चाक दगडावरून सटकलं. गाडी आडवी झाली, तो खाली, आणि दोघंही दरीच्या बाजूला सरकायला लागले. मी जोरात ओरडले, "गाडी सोड! सोड गाडी!" त्याने ती सोडली आणि रस्त्याच्या कडेच्या एका मोठ्या धोंड्याला मिठी मारली. कामावरची माणसं दोर घेऊन धावली. दोराचं मागचं टोक माझ्याही हातात होतं. एक जण कमरेला दोर बांधून आत गेला, त्याने नवऱ्याच्या काखेत हात घातला आणि आम्ही सगळ्यांनी ओढलं.

तो अलीकडच्या काठावर येऊन बसला, नखशिखांत चिखलात, डावा हात उजव्या हातात धरून. मला रडू आलं नाही. संताप आला. त्या माणसांचे मी पुन्हा पुन्हा आभार मानले. नवऱ्याला माझ्या मागे बसवून मागच्या गावातल्या आरोग्य केंद्रात नेलं. हाड मोडलं नव्हतं, मनगट मुरगळलं होतं. क्रेप बँडेज बांधून आम्ही एका घरगुती लॉजमध्ये उतरलो. मालकीण म्हणाली, "दीदी, पानी सुबह उतर जाएगा."

चहा पिताना तो म्हणाला, "चुकलो."

"हो."

"तुला दाखवायला गेलो मी. तू माझ्यापेक्षा बरी चालवतेस, हे दोन दिवस डोक्यात होतं."

हे तो स्वतःहून बोलेल असं मला वाटलं नव्हतं. माझा राग तिथेच अर्धा उतरला.

सकाळी ओढा खरंच घोट्याएवढा झाला होता. त्याची गाडी धोंड्यांत अडकलेली होती, दिवा फुटलेला, इंजिनात पाणी. त्याच माणसांनी ती बाहेर काढून पोखऱ्याला जाणाऱ्या ट्रकवर चढवून दिली.

"तू जाऊन ये," तो म्हणाला. "मी लॉजवर थांबतो."

"का? माझ्या गाडीला मागे सीट आहे."

सामान निम्मं केलं आणि निघालो. मागे बसायची त्याला अजिबात सवय नाही. प्रत्येक वळणावर तो पायाने नसलेला ब्रेक दाबायचा, ते मला पाठीत कळायचं. वाटेत मार्फा गावी मुक्काम केला, तोपर्यंत त्याचं ते ब्रेक दाबणं थांबलं. तिथून वर झाडं संपली आणि उघडेबोडके तपकिरी डोंगर सुरू झाले. "हे तर आमरात!" तो कानाशी ओरडला. जोमसोमच्या पुढे वारा इतका होता की गाडी तिरकी धरून चालवावी लागत होती. तिथे मात्र तो अगदी स्थिर बसला, माझ्याबरोबर झुकत, मागच्या सीटवरच्या चांगल्या माणसाने बसावं तसा.

मुक्तिनाथला देवळामागच्या एकशे आठ गार पाण्याच्या धारांखालून तो बँडेजचा हात वर धरून पळाला आणि थंडीने किंचाळत बाहेर आला. मी त्याला टॉवेलात गुंडाळलं. आम्ही दोघं इतकं हसलो की शेजारच्या यात्रेकरू आजीही हसायला लागल्या.

तिथूनच पुण्याला मुलीला व्हिडिओ कॉल लावला. तिचं मराठी अजून मस्कतच्या शाळेतलंच आहे. "बाबा, तू पडला? आणि मग आई ने ड्राइव्ह केला? पूर्ण वर?"

"पूर्ण वर," तो म्हणाला. "आणि खाली पण तीच नेणार आहे."

"तुला ऑड नाही वाटला, मागे बसायला?"

तो म्हणाला, "पहिल्या दिवशी वाटलं. मग डोंगर बघायला लागलो. पुढे बसून मला आजवर नुसता रस्ताच दिसला होता गं."

मी किल्ली खिशात चाचपली आणि म्हटलं, "चल, वारा वाढायच्या आत निघू."