दोन्हीवर चालणारी गाडी

दादाला जाऊन दीड महिना होतोय. चूक माझी होती, हे आधीच लिहून टाकतो, नाहीतर खाली पोचेपर्यंत माझा धीर सुटेल. गाडी मी निवडली, तिचं चार्जिंगही माझ्यामुळंच अडलं, आणि त्याचं ओझं मात्र वहिनींच्या डोक्यावर राहू दिलं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. देवगाव रंगारी ते संभाजीनगर त्यानं वर्षानुवर्षं काळी-पिवळी जीप चालवली. एखाद्या बाळंतिणीसाठी तो भरलेली जीप रिकामी करायचा आणि उतरवलेल्यांच्या शिव्या हसत खायचा. टाकी अर्धी झाली की त्याला चैन पडत नसे. मागच्या वर्षी मी घरच्यांसाठी गाडी घ्यायला निघालो, तेव्हा त्यालाच माझ्याकडं बजाजनगरला बोलावून घेतलं. दोन गाड्यांवर येऊन अडलो होतो. एक पूर्ण विजेची. दुसरी प्लग-इन हायब्रिड, म्हणजे घरी चार्ज करायची आणि चार्जिंग संपलं की पेट्रोलवर न्यायची. दादा विजेच्या गाडीत बसला, स्टिअरिंगवरून हात फिरवला.

"लई भारी हाय. पण चालू हाय का बंद, ह्येच कळंना! संज्या, ती दोन्हीवर चालणारी घे. आपल्या गावात लाईट पाव्हण्यावानी येती."

"दादा, जमाना बदलला. दोन-दोन इंजिनांचं लोढणं कशाला?"

"लई शहाणा झालास. मधीच बंद पडलेल्या गाडीतल्या माणसाचं तोंड तू बघितलं नाय अजून."

मी हसलो आणि विजेची घेतली. तो रागावला नाही. चाकाखाली लिंबू ठेवून पहिला नारळ त्यानंच फोडला.

दादा गेला त्या रविवारी सकाळी गावी पोचलो तेव्हा चार्जिंग थोडंच उरलं होतं. ओसरीतल्या प्लगला गाडी लावून जेवायला बसलो. जेवणं झाल्यावर वहिनींनी मला विचारूनच गाडीचा प्लग काढला, तिथं घरघंटी लावून उरलेलं दळण दळलं आणि प्लग परत लावलाही. दुपार कलताना दादानं छाती दाबून धरली. सदरा घामानं भिजला. रुग्णवाहिकेला वेळ लागणार होता, गल्लीतली दुसरी गाडी लग्नाला गेलेली. दादाला मागच्या सीटवर वहिनींच्या मांडीवर निजवलं, गाडी सुरू केली... आणि समोरचा चार्जिंगचा आकडा बघितला. सकाळी होता तेवढाच होता.

संभाजीनगरच्या वाटेवर, कसाबखेड्याच्या पुढं आकडा लाल झाला. एसी बंद केला, वेग कमी केला. मागचे ट्रक हॉर्न वाजवत पुढं जात होते. "पळव की रं...," दादा मागून म्हणाला. तेवढंच तो बोलला. आणि मला गाडी पळवता येत नव्हती. पळवली तर माळावरच बंद पडेल, या भीतीनं पाय ॲक्सिलरेटरवर टेकत नव्हता. त्याच भीतीत तोंडून निघून गेलं, "वहिनी, कशाला काढलात तो प्लग!" त्या पदरानं दादाला वारा घालत राहिल्या.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणायला हवं होतं. बाहेरच्या बाकावर बसून नातेवाइकांना कळवायला मोबाइल काढला, तर गाडीच्या ॲपचा दुपारचा, न वाचलेला मेसेज. चार्जिंग ठरलेल्या वेळी, रात्री सुरू होईल. बजाजनगरला गाडी रात्रीच चार्ज व्हावी म्हणून ती वेळ मीच लावली होती, गावी काढायची विसरलो. दिवसभर प्लग लावून ठेवला असता तरी गाडीनं वीज घेतली नसती.

मी तो मेसेज पुसून टाकला. तेरावा होऊ दे, मग सांगू... महिना होऊ दे, मग सांगू. लोक काय म्हणतील, घरातले माझ्याशी बोलतील का, याच धास्तीत दिवस गेले.

मागच्या आठवड्यात गेलो, तर वहिनी दळणाचा डबा घेऊन गावातल्या गिरणीकडं निघालेल्या. घरघंटी कोपऱ्यात, वर चादर टाकलेली. मी डबा घ्यायला हात पुढं केला, तशा त्या थांबल्या.

"भावजी, खरं सांगा. त्या दळणापायीच गेले ना ह्ये?"

उंबऱ्यातच सगळं सांगितलं. वेळ लावल्याचं, मेसेज पुसल्याचंही. त्यांनी डबा खाली ठेवला.

"म्हंजी तुमाला त्याच दिवशी ठावं होतं?"

"होतं, वहिनी. दादाला उशीर मी केला. आणि तुम्हाला इतके दिवस स्वतःला दोष देऊ दिला... मला माफ करा."