अळूवडी संपली

चौदा वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या वल्लरीने एक्केचाळिसाव्या वर्षी डेटा सायन्सचा ध्यास घेतला, तेव्हा वारज्यातल्या नातेवाइकांनी भुवया उंचावल्या. उंचावू देत! दीड वर्ष पहाटे उठून ती पायथन ही संगणकाची भाषा शिकली, संख्याशास्त्र घोटून पक्कं केलं. दोन मुलाखतींत मात्र एकच प्रश्न आला, "अनुभव?" आता तिसरी. स्वतः केलेलं एक काम दाखवायचं होतं. हीही हुकली तर मुकाट्याने पुन्हा खडू हातात घ्यायचा, असं तिने ठरवून टाकलं होतं.

काम घरातच सापडलं. सासऱ्यांचं, दीनानाथांचं, बिबवेवाडीत फराळाचं दुकान होतं आणि तीन वर्षांची बिलं संगणकात होती. वल्लरीने विक्रीचा अंदाज बांधणारं मॉडेल बनवलं, आलेख काढला आणि ऐटीत जाहीर केलं, "बाबा, पाचनंतर अळूवडीला मागणीच नाही. शून्य!"

दीनानाथांनी चष्म्यावरून पाहिलं. "बरोबर. स्मशानात आजारी माणूस सापडत नाही, म्हणजे पुण्यात आजारच नाहीत."

वल्लरीचा चेहरा पडला. मग रोज साडेचारला दारावर लागणारी पाटी आठवली: "अळूवडी संपली. पुन्हा विचारू नये." माल संपल्यावर बिलं होणार कुठून? एवढं शिकून हेच कळू नये, याची तिला भारी लाज वाटली.

दुसऱ्या दिवसापासून पाच ते आठ ती काउंटरवर उभी राहिली. रिकाम्या हाताने परतणाऱ्या प्रत्येकासाठी जुन्या बिलांच्या पाठीवर एक रेघ. पहिल्याच दिवशी सदतीस रेघा झाल्या. काहीजण पाटी वाचूनही विचारत. त्यांना दीनानाथ पुन्हा पाटीच दाखवत.

मुलाखतीत तिने आधी आपला चुकलेला आलेख दाखवला, मग रेघांचे कागद. मुलाखत घेणाऱ्या शेफाली मॅडम खळखळून हसल्या. "अहो, मॉडेल सगळेच बांधतात. दुकानात जाऊन उभं कोण राहतं? एक तारखेपासून या."

वल्लरी जवळजवळ धावतच दुकानात पोचली. आत दुसरा घाणा तळला जात होता आणि दारावर नवी कोरी पाटी होती: "पाचनंतरही अळूवडी मिळेल. अंदाज सूनबाईंचा. चुकल्यास मालक जबाबदार नाहीत."

"बाबा, नोकरी मिळाली! पण ही पाटी? तुम्हाला नोकरीचं आधीच कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? मला तुझ्या रेघा पुरे होत्या. पाटी परवाच रंगवायला टाकली होती," दीनानाथ म्हणाले आणि पहिली गरम अळूवडी त्यांनी तिच्या हातावर ठेवली.