पहिल्या बाइटवरचं नाव

तिसऱ्या चहावर साय धरली, तरी शिवांजलीला कपाकडे बघायला उसंत नव्हती. दुपारी तीनला पुण्याच्या कंपनीची माणसं ऑनलाइन येणार होती आणि तिनं स्वतः लिहिलेली छोटी ऑपरेटिंग सिस्टीम त्यांच्यासमोर चालू करून दाखवायची होती. चालली तर नोकरी. नाहीतर तुळजापुरातच चुलत्याच्या लॉजचं काउंटर होतंच. अकरा वाजले होते, आणि मशीन सुरू झालं की लगेच आपणहून बंद होऊन पुन्हा सुरू होत होतं.

तसं काम सरळ होतं. मशीनच्या बोलीला सगळ्यात जवळच्या असेंब्ली भाषेतल्या मोजक्या ओळींनी मशीन तयार करायचं आणि मग सी भाषेत लिहिलेल्या कर्नेलला, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याला, हाक मारायची. दोन्ही फायली लिंकर नावाच्या जोडणाऱ्या प्रोग्रॅमनं कुरकुर न करता जोडल्या होत्या. मग घोडं अडलं कुठं? तिनं सगळं सी धुंडाळलं, स्टॅकचा, म्हणजे तात्पुरत्या नोंदींच्या जागेचा, पत्ता तपासला, खोलीत येरझाऱ्या घातल्या, विनाकारण पंख्यावर चिडली. पोरगी हुशार, पण धीर म्हणाल तर नावालाही नाही.

शेवटी तिनं जोडून तयार झालेली फाइल उलगडून एकेक बाइट बघायला घेतला, आणि कपाळावर हात मारला.

असेंब्लीच्या फायलीत अगदी वर तिनंच 'आई राजा उदो उदो' घातलं होतं. तिचे वडील योगीराज देवीचे पुजारी. बायको गेल्यापासून घरात बापलेक दोघंच, पण किराण्याची यादीसुद्धा देवीच्या नावाशिवाय सुरू होत नसे. नुसता माणसांनी वाचायचा शेरा म्हणून लिहिलं असतं तर मशीननं तिकडं पाहिलंही नसतं. हिला ते पडद्यावर उमटवायचं होतं, म्हणून खरेखुरे बाइट मांडले. मशीन पहिल्या बाइटपासून सगळं हुकूम समजून पाळत सुटतं. त्याला कसला उदो कळणार?

नाव फायलीत खाली न्यायला एक क्षण पुरला असता, पण तिचा हात धजेना. वाईट वाटत होतं. पूजा आटोपून आलेल्या वडिलांना तिनं अडखळत सांगितलं, "बाबा, देवीचं नाव खाली घ्यावं लागतंय. आधी मशीन तयार करायचं, मग नाव."

"मग घे की," योगीराज म्हणाले. "लोक आधी कल्लोळ तीर्थात आंघोळ करत्यात, मग दर्शनाला जात्यात. पुजाऱ्याच्या पोरीला हे बी सांगाय लागतंय व्हय?"

तिनं ओळ हलवली, पुन्हा जोडणी केली. काळ्या पडद्यावर नाव उमटलं आणि तिथंच राहिलं. शिवांजली खुर्चीतून उठून हसायलाच लागली.

योगीराज चष्मा पुसून पडद्याकडे बघत राहिले. "म्हंजे आता तू पुण्याला जाणार," ते म्हणाले.

सकाळपासून मशीनच्या मागे धावताना, बाबा इथं एकटेच उरतील हा विचार तिच्या मनाला शिवलाही नव्हता. तिचं हसू थांबलं.