मावशीचा आवाज बारीक येतो

आईच्या कानात लूम बसलाय, असं आमच्या घरात म्हणायचे. टेमघरच्या एका यंत्रमागाच्या कारखान्यात तिने सत्तावीस वर्षं कांड्या भरल्या. कांडी म्हणजे धोट्यात बसवायची सुताची छोटी गुंडाळी. ती भरायचं मशीन लूमच्याच शेडमध्ये, भिंतीला लागून असायचं. सगळे लूम एकदम चालू झाले की आवाज काढून उपयोगच नसे, म्हणून तिथल्या बायका दिवसभर एकमेकींशी नुसत्या ओठांनी बोलायच्या. तिथे आईचे कान गेले आणि तिथेच ती ओठ वाचायला शिकली.

तिची मोठी बहीण, माझी मावशी, वज्रेश्वरीला देवळाच्या वाटेवर नारळ-ओटीचं दुकान चालवायची. आई तिला बाय म्हणते. आजी गेली तेव्हा आई पाच वर्षांची होती आणि मावशी तेरा. मावशीनेच हिला न्हाऊमाखू घातलं, शाळेत सोडलं, लग्नात हिच्यापेक्षा जास्त तीच रडली म्हणतात. आईने साठी ओलांडली तरी मावशीसाठी ती बारकीच होती.

पूर्वी दर रविवारी दोघींचा फोन असायचा. मग आईला फोनवरचं ऐकू येईना. आधी ती स्वतःच मोठ्याने बोलायला लागली, नंतर नुसतं हां हां करू लागली आणि एका रविवारी तिने फोन माझ्या हातात दिला. पुढची सहा-सात वर्षं मी मध्ये होते. मावशी विचारतेय गुडघा कसा आहे. आई म्हणतेय बरा आहे. मावशी सांगतेय आंब्याला मोहर आलाय. मुलीच्या तोंडून जेवढं जाऊ शकतं तेवढंच जायचं. कधीकधी मावशी थबकायची आणि म्हणायची, राहू दे, ती आली की बोलीन. समोरासमोर काही अडत नसे. मावशीचे ओठ आईला पाठ होते.

गेल्या वर्षी मावशीला लकवा झाला. डावी बाजू गेली, तोंड वाकडं झालं. बोलायची, पण हळू आणि तुटक. आम्ही भेटायला गेलो तेव्हा मी औषधं आणायला बाहेर गेले होते आणि दोघी खोलीत एकट्याच होत्या.  परतताना अंबाडीच्या फाट्यावर बस थांबली तेव्हा आईने विचारलं, बाय काय बोलली ते तुला ठाऊक आहे का. मी तिथे नव्हते, मला कसं ठाऊक असणार? तर म्हणाली, बाय काहीतरी बराच वेळ सांगत होती, ओठ एकीकडेच हलत होते, काही कळलं नाही, शेवटी आपण मान डोलावली. का डोलावलीस म्हटल्यावर म्हणाली, तिला वाईट वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी फोन करून मावशीच्या सुनेला विचारलं. तिलाही माहीत नव्हतं. तिने मावशीला विचारलं तेव्हा मावशी एवढंच म्हणाली, बारकीला माहीत हाय. हे मी आईला सांगितलं आणि चूक केली. त्या दिवसापासून तिला चैन पडेना. भाकरी थापताना मध्येच हात थांबायचा. तिला काय ठाऊक असायला हवं होतं, ते तिला आठवत नव्हतं, कारण ते तिला कधी ऐकूच आलं नव्हतं.

कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. नसा झिजल्यात, कानाच्या मापाचं नीट मशीन लावायला हवं, म्हणाले. त्या तपासणीची तारीख तीन महिन्यांनंतरची मिळाली. आईला तेवढा धीर नव्हता. मग डॉक्टरांना विचारूनच मी तिला आवाज मोठा करणारं एक साधं यंत्र आणलं. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी, गळ्यात दोरी, वरच्या बाजूला आवाज आत घेणारी बारीक भोकं, कडेला आवाज कमी-जास्त करायची चकती, आणि वायरच्या टोकाला कानात घालायचं रबरी बोंडूक. आवाज एकदम वाढवायचा नाही, एवढं डॉक्टरांनी बजावलं होतं.

पहिल्या दिवशी वाटी पडली तर आई दचकून उठली. फोडणी एवढी वाजते हे आपण विसरलोच होतो, म्हणाली. चार दिवस ती घरभर भांडी हलवत फिरली. पाचव्या दिवशी आवाज बारीक यायला लागला.

मी मानकोलीला गोदामात खोक्यांचे कोड स्कॅन करते. स्कॅनर वाचेनासा झाला की सगळे तो आपटतात. मी आधी काच पुसते. त्याच सवयीने मी आईला खिडकीशी बसवून डबी उघडली. सेल नवे घातले, फरक नाही. बोंडूक काढून पाहिलं तर त्याचं भोक कानातल्या मळाने जवळजवळ बुजलेलं. ते कोमट पाण्यात धुऊन रात्रभर सुकवलं. आवाज थोडा वाढला, पण चकती फिरवली की खरखर यायची. चकतीत धूळ शिरली होती. यंत्र बंद करून ती वीस-पंचवीस वेळा खालीवर फिरवली तेव्हा खरखर थांबली. तरी संध्याकाळी आई पुन्हा म्हणाली, बारीक येतं. बघते तर डबी तिने पदराखाली घेतली होती. लोकांना दिसायला नको म्हणून. मी ती बाहेर काढली आणि म्हटलं, आई, हिला तोंड आहे, ते झाकलंस तर ही ऐकणार कशी? दोन दिवस ती रुसल्यासारखी बसली, मग स्वतःच डबी पदराला पिन लावून वर अडकवायला लागली.

मग आम्ही वज्रेश्वरीला निघालो. बसमध्ये कंडक्टरने पुढे सरका म्हटलेलं आईला माझ्याआधी ऐकू आलं. ती खूश होती. खिडकीकडे बघत स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होती. मला वाटतं, बायला काय विचारायचं ते घोकत होती.

मावशी पलंगावर उशीला टेकून बसली होती. आई तिच्यासमोर बसली, बोंडूक कानात नीट दाबलं, आणि मावशी बोलायला लागली. आई तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, मशीन बिघडलं.

मी सेल बघितले. बोंडूक बघितलं. चकती फिरवली. सूनबाई चहा ठेवते म्हणाली, ते आईला दाराआडून स्वच्छ ऐकू आलं. मावशीने पुन्हा काही म्हटलं. आईने नाही अशी मान हलवली. बायचा आवाज बारीक येतो, तू परत बघ, म्हणाली. मी परत बघितलं. यंत्र चांगलं होतं. बारीक झाला होता तो मावशीचाच आवाज. जो आवाज शेताच्या या बांधावरून त्या बांधावर जायचा तो आता उशीच्या कडेपलीकडे पोचत नव्हता. आईच्या कानात मात्र तो जुनाच आवाज होता, आणि तो आणून देत नाही म्हणून ती यंत्राला दोष देत होती. हे तिला सांगायचं माझ्या जिभेवर आलं होतं. मी उगाच बोंडूक पुसत राहिले.

मग सुचलं ते केलं. डबी आईच्या पदरावरून काढली आणि मावशीच्या उजव्या, चालत्या हातात दिली. हनुवटीपाशी धर म्हटलं. वायर आखूड होती, त्यामुळे आईला पलंगावर चढून तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसावं लागलं. मी चकती हळूहळू वाढवली. यंत्रातून शिट्टी वाजायला लागली तशी जरा मागे घेतली.

"बारके," मावशी म्हणाली.

आई आधी त्या डबीकडेच बघत राहिली. मग तिने मावशीचा डबीवाला हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"बाय, त्या दिवशी तू काय बोललीस?"

मावशीला शब्द जुळवायला वेळ लागला. 

"बोलले, माझ्याजवळ र्‍हायला ये थोडे दिस. तू हां केलंस."

 सूनबाई चहा घेऊन दारात उभी होती. तिने सांगितलं, सासूबाईंनी तेव्हाच एक गादी माळ्यावरून काढून घेतली होती आणि अधूनमधून ती उन्हात टाकायला लावायच्या. कोण येणार आहे विचारलं तर हसायच्या. संध्याकाळच्या गाडीच्या वेळेला खिडकी उघडायला लावायच्या.

"मला आयकू न्हाय आलं, बाय," आई म्हणाली.

"मंग हां का केलंस?"

 आईने कपाळ मावशीच्या खांद्याला टेकवलं. डबी मध्ये दाबली गेली आणि जोरात शिट्टी वाजली. मी पुढे होऊन चकती कमी केली आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

निघायच्या वेळी आईने चपला घातल्याच नाहीत. तू जा, म्हणाली, माझी लुगडी आणि गुडघ्याचं तेल पाठव.

याला आता चार महिने होतील. कानाच्या तपासणीची तारीख येऊन गेली, तेव्हाही ती आली नाही. मी पुढची घेतली. सुट्टीच्या दिवशी सेल घेऊन वज्रेश्वरीला जाते. दोघी बहुतेक खिडकीशी असतात, मध्ये ती आखूड वायर. मावशी सांगत असते आणि आई ऐकत असते. मी गेले की दोघी थांबतात, मला चहा मिळतो, गोदामातलं विचारतात, मग मी उठायची वाट बघतात. काय बोलतात ते मला कळत नाही. इतकी वर्षं त्यांचं फोनवरचं एकूण एक वाक्य माझ्या तोंडून गेलं, आणि आता एकही जात नाही.

टेमघरच्या घरात मी एकटी असते. आईमुळे आमचा टीव्ही नेहमी मोठ्याने असायचा, शेजारी भिंत वाजवायचे. आता मी तो लावतच नाही. मागच्या वेळी मी आईला विचारलं, घरी कधी येशील. तिने ऐकलं, अगदी नीट ऐकलं, कारण तिने मावशीकडे बघितलं आणि मग माझा हात हातात घेतला. म्हणाली, बायला अजून खूप सांगायचंय.

मी बरं म्हटलं.