अप्पांची ‘विथ’ची वही

शाळेत मी नववीचा तास घेत असताना अप्पांच्या गावाहून, नौबादहून फोन आला. अप्पा गेले. माझ्या मनात पहिला विचार आला तो वहीचा, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

अप्पा माझे इंग्रजीचे मास्तर. निवृत्तीनंतर लोक शेतीत नाहीतर दुकानात मन रमवतात, यांनी ‘विथ’ हा एकच शब्द धरला! मुळात ‘विरुद्ध’ असा अर्थ असलेला शब्द ‘सोबत’कडे कसा वळला, चाकूनं भाजी चिरतानाही तोच कसा येतो, सगळं उजव्या पानावर. डावं पान कोरं, वाचणाऱ्याच्या शंकांसाठी. वर्गातही आम्हाला वहीचं डावं पान असंच शंकांसाठी कोरं ठेवायला लावायचे. “आपल्या मराठीत तरी काय येगळं? भांडतो त्येच्याशी, बोलतो बी त्येच्याशी,” असं म्हणून ते खुशीत मान हलवायचे.

वर्षापूर्वी ती वही त्यांनी मला दिली. छापायची नव्हती, कुणीतरी हुज्जत घालावी एवढंच हवं होतं. मी ती कपाटात ठेवली. शेवटच्या भेटीत खाटेवरून त्यांनी विचारलं, “वाचलास का रं, शिवा?”

“वाचायलोय, अप्पा.”

“डाव्या पानावर लिहायलास न्हवं?”

“व्हय.”

एक अक्षर वाचलं नव्हतं मी. त्यांनी समाधानानं डोळे मिटले...

अप्पा गेल्यावर महिन्याभरानं त्यांच्या पत्नीचा, अक्कांचा निरोप आला, वही घेऊन ये. अक्कांना इंग्रजी येत नाही, काहीही खरडून नेलं असतं तरी चाललं असतं. पेन्सिल घेऊन बसलोही, पण हात चालेना. पहिल्या डाव्या पानावर मराठीत एवढंच लिहिलं, ‘अप्पा, मी खोटं बोललो.’

अक्कांनी ते वाचलं. मग पानं उलटत गेल्या. कोरं... कोरं...

“जायच्या दिवशी बी म्हनायलते,” त्या म्हणाल्या, “शिवा भांडायलाय माझ्याशी, बरं वाटायलंय.”

मला मान वर करता येईना. अक्कांनी वही माझ्या हातात परत दिली. “ने. आता तरी भांड त्येंच्याशी.”

तेव्हापासून वही माझ्या टेबलावर आहे. रोज भीतभीतच उघडतो. आज बाराव्या पानावर अप्पांची एक चूक सापडली. डावीकडे लिहिली, आणि खाली त्यांच्या उत्तरापुरती जागा सोडली.