चूल रोडला गाडी दोनदा आली

सासऱ्यांनी "गोळा दे" म्हटलं आणि मी परातीतला ज्वारीच्या पिठाचा गोळा नेऊन त्यांच्या हातावर ठेवला. लग्न होऊन इंझोरीहून वाशीमला आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी. त्यांनी गोळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाई, हा खायचा हाय. मले गाडीचा पाह्यजे." त्यावर मी विचारलं, "गाडी वेगळ्या पिठाची खाते का?"

अशी मी होते. दोन वेण्या, अक्कल अर्धी.

तुमच्या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी नेमाने वाचते आणि नेमाने हसते. सगळ्या बाया पांढऱ्याच साडीत कशा काय येतात, हिरवी साडी मेल्यावर चालत नाही का? शिवाय आमच्या घरात असल्या गोष्टींना थारा नव्हता. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून अंगारे-धुपारे, शकुन-मुहूर्त सगळं घराबाहेर काढलं होतं. आजही माझा कशावर विश्वास नाही. पण सत्तरच्या दशकात, भादव्यातल्या एका दुपारी आमच्या स्वयंपाकघरात जे झालं ते सांगते. हसायचं तर हसा... मी तरी हसतेच.

मामाजी रेल्वेत काटेवाले होते, रूळ बदलणारे. रिटायर झाले आणि घरातच रेल्वे बांधायला बसले. डब्याचा पत्रा कापून रूळ, बांबूच्या कामट्यांचे स्लीपर, तुरकाठ्यांचे तारेचे खांब, फुटक्या कवेलूची, म्हणजे कौलाची, नाल्यावरची मोरी, दोऱ्यानं खाली पडणारा सिग्नल. फाटकाजवळ कापसाच्या बोंडाएवढी बकरीसुद्धा होती. इंजिन चावीचं, जुन्या गजराच्या घड्याळाची कमान घातलेलं. लाईन समोरच्या खोलीतून निघायची, मधल्या मातीच्या भिंतीला पाडलेल्या भोकातून आत शिरायची आणि स्वयंपाकघरात फळीवर येऊन थांबायची. त्यांचं स्टेशन ओसरी जंक्शन. माझं, चूल रोड. सून स्वयंपाकात असताना सासऱ्यानं आत यायचं नाही, ही रीत त्यांनी सोडली नव्हती. म्हणून चूल रोडची स्टेशनमास्तर मी, पिठाच्या हातांनी.

आता गोळा. आमच्या गावावरून जाणारी खरी छोटी लाईन एकेरी होती. दोन स्टेशनांच्या मधला तुकडा म्हणजे सेक्शन, त्यात एका वेळी एकच गाडी. ड्रायव्हरला चामड्याच्या पिशवीतून लोखंडी गोळा मिळायचा. तो हाती असेल तर पुढच्या स्टेशनापर्यंत रूळ त्याचा. तिकडे गोळा पोचला म्हणजे गाडी पोचली, तोवर मधे कोणी शिरायचं नाही. मामाजींच्या गाडीतही गोळा असायचा. पोळ्याला बैलाच्या शिंगावर चढवतात त्या शेंबीचं पितळी टोक, घासून बोराएवढं केलेलं. भिंतीतून दोरी ओढून दोन्हीकडे घंटी बांधली होती. तीन टोले म्हणजे गाडी सोडू का. दोन म्हणजे पोचली.

आणि घराचा एक नियम होता. कोणी रेल्वेनं गावाला निघालं की हातावर दही नाही, काही नाही. आधी ही गाडी सोडायची. ती चूल रोडला पोचली, गोळा आला, की माणसानं पायात चपला घालायच्या. मी एकदा म्हटलं, "मामाजी, हा शकुनच झाला की." ते म्हणाले, "शकुन नाही, नियम हाय. शकुनाले कारण नसते."

तर त्या दुपारी ह्यांना अकोल्याला जायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सरकारी नोकरीचा इंटरव्ह्यू. मी तर मनानं अकोल्यात राहायलाही गेले होते. क्वार्टर, आणि क्वार्टरमध्ये नळ! वाशीमला मी विहिरीचं पाणी ओढून हाताला घट्टे पाडून घेतले होते. त्या नळासाठी मी नवऱ्यालाच काय, स्वतःलाही पार्सल केलं असतं.

तीन टोले पडले. मी दोरी ओढून हो म्हटलं. चावीची किरकिर पलीकडून भिंतीत शिरली, जवळ आली... आणि थांबली.

"चूल रोड, आली का?"

"नाही आली."

"इकडून तं गेली. शेपटीचा लाल चिंधूक बी आत गेला."

मी भोकात पाहिलं. पलीकडचा उजेड दिसला, गाडी नाही. फुंकणी आत घातली तर पलीकडून कोणीतरी ती घट्ट धरली. माझी बोबडी वळली.

"मी हाय," मामाजी म्हणाले. "सोड आता."

फुंकणी आरपार गेली होती. हातभर जाडीची भिंत, तिच्यात गाडी नव्हती.

हे ट्रंकेवर बसून हसत होते. "बाबा, भिंतीनं गाडी खाल्ली. निघू मी?"

"गाडी सेक्शनात हाय. गोळा आल्याबिगर निघाचं नाही."

"खेळण्यापायी नोकरी सोडू काय?"

"नोकरी कर ना बापा. पहिले गाडी येऊ दे."

ह्यांचं हसू गेलं. पण बापाला ओलांडून जाणारे हे नव्हते. बसून राहिले. मला स्टेशनाकडची शिट्टी ऐकू आली आणि डोळ्यासमोर माझा नळ थेंब थेंब आटायला लागला.

मग मी काय केलं असेल? पीठ चिमटीत घेतलं, हळद चोळली, बोराएवढा गोळा वळला. दोन टोले दिले.

"सापडली," मी ओरडले. "घसरून चुलीमागं पडली होती."

"गोळा हाय त्यात?"

दारात उभी राहून मी लांबूनच चिमटीत धरून दाखवला. मामाजींची नजर अधू झाली होती. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि हात हलवला. "जा."

हे पळतच गेले.

पॅसेंजर सुटल्याचं ऐकू आलं आणि मी गाडी शोधायला लागले. चुलीमागची लाकडं काढली, कोठ्या सरकवल्या, उखळातसुद्धा हात घातला. काही नाही. मामाजी समोर बाजेवर बसले होते, त्यांच्या खोकल्यावरून कळत होतं. माझ्या मनात एकच घोळत होतं: ते म्हणतात तसं असेल तर सेक्शन मोकळा नाही, आणि मी माणूस आत सोडला आहे.

पाऊस लागला. दिवेलागणीला स्टेशनावरचा हमाल दारात आला. मी आतून ऐकत होते.

"काकाजी, पॅसेंजर पुढच्या स्टेशनाले पोचली नाही अजून."

"गोळा?"

"गोळा बी नाही."

पोटात गोळा येणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. तो पिठाचा नव्हता आणि पितळेचाही नव्हता. खरं सांगून टाकावं म्हणून दारापर्यंत गेले. मामाजी भिंतीतल्या त्या भोकाकडे पाहत बसले होते. परत चुलीपाशी येऊन बसले.

किती वेळ गेला कोण जाणे. भिंतीत किरकिर झाली.

मी कंदील उचलला. भोकातून इंजिनाचं तोंड बाहेर आलं. हळू... चढावर गाडी चढते तसं. त्याची चावी दहा श्वासांत उतरायची, आणि दुपारपासून तिला कोणी हात लावलेला नव्हता. गाडी फळीवर येऊन थांबली. चाकांना चिखल होता, काळा, चिकट. आमची भिंत पांढऱ्या मातीची. मागच्या डब्यात पितळी गोळा होता, बर्फासारखा गार.

माझा हात सवयीनं दोरीकडे गेला. दोन टोले.

टोले दिले आणि मग डोक्यात उजेड पडला, मी काय करून बसले: गाडी पोचल्याचे टोले मी दुपारीच देऊन चुकले होते. पलीकडून मामाजींचा आवाज आला, "बरं."

रात्री हे घरी आले, गुडघ्यापर्यंत काळ्या चिखलानं माखलेले. पॅसेंजर मागे वाशीमलाच आणली होती. जेवताना सांगायला लागले.

"मधातच गाडी उभी केली ड्रायव्हरनं. खाली उतरून फायरमनसंग भांडून राह्यला. म्हणे, पिशवीत हात घातला तं गोळा मऊ लागला. पिठावानी. मंग बाहेर काढून पाह्यलं तं चांगला लोखंडाचा. लोक हसले त्याले. पण गाडी उभीच होती, म्हणून आमी काही जण पुढं चालत गेलो पाहाले. तं मोरीवरची माती वाहून गेलती. रूळ नुसते लटकून राह्यले होते, बाबा. नुसते हवेत."

मामाजी जेवत राहिले. मी भाकरी वाढली.

इंटरव्ह्यू गेला. ह्यांना पुढे इथंच तहसिलीत नोकरी लागली आणि नळ यायचा तेव्हा आला. गाडी कुठे होती, चिखल कुठला, ड्रायव्हरच्या हाताला काय लागलं, हे मला अजून कळलेलं नाही. नातू म्हणतो भिंतीत घुशीचं बीळ असेल. असेल बापा. मग चावी उतरलेली गाडी त्या बिळातून आपली आपण कशी आली तेवढं सांग म्हटलं, की तो मोबाईल काढतो. नियम मोडला म्हणून माणूस वाचला, की नियम पाळला असता तरी वाचलाच असता... हाही हिशेब मला लागत नाही. ह्यांना मी पिठाचं कधीच सांगितलं नाही.

पण त्या रात्री हे हात धुवायला अंगणात गेले आणि मी ताटं उचलत होते, तेव्हा मामाजी मान वर न करता हळूच म्हणाले,

"चूल रोड, एक गाडी दोनदा येत नसते. अन् दुसऱ्या खेपेले पीठ जरा घट्ट भिजवजो."