अडुळशाचा एक महिना

आमच्या परसातल्या दोरीवर हिवाळाभर हिरव्या पट्ट्या वाळत असायच्या... आईच्या जुन्या पांढऱ्या साडीच्या, वीतभर रुंद, कडेला दोरे सुटलेल्या. अडुळशाचा रस गाळून गाळून त्यांचं पांढरेपण कधीच गेलेलं आणि धुऊनही न निघणारा तो काळपट हिरवा रंग उन्हात हळूहळू शेवाळी होत गेलेला. आम्ही तेव्हा रेणापूरला राहत होतो. आई सरकारी दवाखान्यात नर्स होती. नोकरीवरची साडी विरली की तिचे तुकडे व्हायचे – काही पायपुसण्याला, काही स्वयंपाकघरात, आणि पदराकडचा सगळ्यात मऊ भाग औषधं गाळायला. दवाखान्यातली पट्टी-कापूस घरी आणायचा नाही हा तिचा नेम इतका कडक होता, की माझा गुडघा फुटला तरी कापूस बाजारातूनच येई आणि तो येईपर्यंत मी गुडघा हातानं दाबून ओट्यावर बसून राही.

परस म्हणजे काही फार मोठं नव्हतं. भाड्याचं घर, मागे पंधरा-वीस पावलांची जागा, तिला एका बाजूनं शेजारच्यांची कमरेइतकी भिंत. पण आईनं त्या जागेत काय काय लावलं होतं! मोरीचं पाणी जिथं झिरपायचं तिथं गवती चहाचं बेट, त्याला खेटून पुदिना. गळक्या बादलीत ओव्याच्या पानांचं झाड – त्याच्या जाड, लवदार पानाला नुसतं बोट लागलं तरी हाताला दिवसभर वास राहायचा. कोपऱ्यातल्या कडुलिंबावर चढलेली गुळवेल, खाली कोरफड, हळदीचा वाफा, आणि भिंतीच्या कडेनं अडुळशाची रांग. पांढऱ्या तोंडाची त्याची फुलं आम्ही पोरं उपटून मागच्या बाजूनं चोखायचो. गोड लागायची. पानं मात्र अशी कडू, की गावातल्या वाटेल ते खाणाऱ्या शेळ्यासुद्धा त्यांना तोंड लावत नसत.

दिवाळी सरली, तुरीच्या-ज्वारीच्या राशी सुरू झाल्या, हवेत भुसा उडायला लागला, की गावाला खोकला लागायचा. आई ड्युटीवरून येऊन हातपाय धुते न धुते तोच मागच्या दाराशी कोणीतरी उभं असे. "नर्सबाई, पोरगं लई खोकून राहिलंय, तेवढा काढा द्या की." समोरच्या दारानं दवाखाना आणि मागच्या दारानं झाडपाला, अशी आमच्या घराची वाटणीच होती म्हणा ना. आई बाटली लगेच देत नसे. आधी विचारायची, "किती दिस झाले?" चार दिवस, आठ दिवस म्हटलं तर बाटली मिळायची. पंधरा दिवसांच्या वर गेलं की आई हात पदराला पुसायची आणि म्हणायची, "मग हे माझ्या पानांचं काम न्हाई. उद्या सकाळी दवाखान्यात या, थुंकी तपासू." कोणी कितीही गयावया केली, रागावून गेलं, तरी त्यात बदल होत नसे.

काढा करायला मी तिच्याकडूनच शिकले. शेंड्याची कोवळी पानं घ्यायची नाहीत, बुडाची पिवळी घ्यायची नाहीत. मधली, जून, गर्द हिरवी तेवढी खुडायची. भगुल्यात पाणी उकळत ठेवून वर चाळणीत ती वाफवायची – त्या वाफेला ओल्या गवताचा आणि कुठल्याशा जुन्या कपाटाचा वास यायचा – मग पाट्यावर वाटून पट्टीतून पिळायची. रस चमच्या-चमच्यानं निघे. त्यात आल्याचा रस, गूळ, कुटलेली मिरी घालून मंद आचेवर आटवलं, की मधासारखा दाट, कडूगोड काढा तयार. दहाव्या वर्षी मला तो आईइतकाच छान जमायचा आणि त्याचा मला गर्व होता. चौथीच्या वर्गात बाकीच्या मुली फार तर चहा करायच्या. मी औषध करत होते.

त्याच वर्षी शेजारच्या घरात नंदावहिनी लग्न होऊन आली. देगलूरकडची होती. मराठी बोलता बोलता मध्येच तिकडचा एखादा तेलुगू शब्द यायचा. मला ती 'चिन्नी' म्हणे, म्हणजे लहानगी. तिचा नवरा टेम्पो चालवायचा, चार-चार दिवस बाहेर असायचा, आणि घरात ती आणि तिची सासू. सासूला आम्ही नुसतं काकू म्हणायचो. काकूंना आमच्या घरी चहा घ्यायला जड जायचं. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्हालाही विचारायची गरज नव्हती. औषधाला मात्र त्यांची काही हरकत नसे, आमच्या घरचे काढे त्या बिनदिक्कत प्यायच्या. दुपारी त्या झोपल्या की वहिनी भिंतीशी यायची, मी अलीकडून दगडावर चढायची, आणि भिंतीवरून हात टाकून ती माझ्या वेण्या घालायची. तिच्या बोटांना खोबरेल तेलाचा आणि आंबट चिंचेचा वास असे. मला बहीण नव्हती. त्या दुपारी माझ्या फार लाडक्या होत्या.

एके दिवशी वेणी घालता घालता ती खोकायला लागली आणि बराच वेळ थांबेना. मग म्हणाली, "चिन्नी, तुझ्या आईचा काढा दे ना जरासा. पण त्यांना सांगू नको."

मी आईसारखंच विचारलं, "किती दिस झाले?"

"चार-पाच."

मी बाटली दिली. आठ दिवसांनी तिनं दुसरी मागितली तेव्हाही मी विचारलं आणि तेव्हाही ती म्हणाली, "चार-पाच." मला आकडेमोड येत होती. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले तशी तिनं भिंतीवरून माझा हात धरला. "माझ्या मोठ्या बहिणीला छातीचा रोग झाला होता, चिन्नी. सासरच्यांनी माहेरी आणून सोडली, पुन्हा न्यायला आलेच न्हाईत. माझंबी तसंच करतील. तू आईला सांगितलंस तर मी जाते बघ कायमची."

ती कायमची जाणार, एवढं एकच वाक्य मला ऐकू आलं. बाकी सगळं – आईचा तो दारातला प्रश्न, पंधरा दिवस, थुंकी – मला पाठ होतं, आणि तरीही मी गप्प बसले. एवढंच नाही, मी कामाला लागले. आई ड्युटीवर असताना भिंतीकडच्या बाजूची पानं खुडायची, वाफवायची, वाटायची, पट्टी धुऊन गवती चहाच्या आड वाळत घालायची, पाटा घासून उभा करून ठेवायचा. आईच्या औषधानं सारं गाव बरं होतं, मग वहिनी का होणार नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. आणि खरंच, काढा घेतला की तिचा खोकला तासन्‌तास शांत व्हायचा. काकूंना काही कळत नव्हतं. संध्याकाळी तर तिचे गाल गुलाबी दिसायचे. मला वाटायचं, किती सुंदर दिसायला लागलीय ही. तो ताप होता. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या आणि त्या सरकवून वाजवण्याचा आम्ही दोघींनी खेळ केला होता... अजूनही कुठे काचेच्या बांगड्या तशा सैल वाजल्या, की मी आधी ते मनगट बघते.

असा महिना गेला, थोडा जास्तच.

मग एका रविवारी आई झाडांना आळी करायला बसली आणि अडुळशापाशी थांबली. भिंतीकडच्या फांद्यांना वर शेंडे होते, खाली पिवळी पानं होती आणि मधे काहीच नव्हतं. शेळी त्याला तोंड लावत नाही. पोरांनी खेळात ओरबाडली असती तर शेंडे आधी गेले असते. इतकं नेमकं खुडणाऱ्या हातांच्या त्या घरात दोनच जोड्या होत्या, आणि त्यातली एक तिची स्वतःची होती.

"कोणासाठी करून राहिलीस?" तिनं विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

मी आधी बाहुलीसाठी म्हटलं. मग रडले. मग सगळं सांगितलं.

"पंधरा दिसांच्या वर गेलं, हे तुला माहीत होतं?"

"हाव."

आईनं खुरपं मातीत रोवून ठेवलं. "पानानं खोकला दबला, बाई," ती म्हणाली. "रोग न्हाई दबला. तो आत वाढत राहिला." त्यानंतर दिवसभर ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही, आणि तिनं मला दोन रट्टे दिले असते तर बरं, असं मला संध्याकाळपर्यंत वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी आई पुदिन्याची जुडी घेऊन शेजारी गेली. पिशवीत जुडीच्या खाली थुंकी तपासायची डबी होती. चार दिवसांनी जे कळायचं ते कळलं. पहिल्यांदा तपासणी माझी झाली, मग आईची, बाबांची. वहिनीचा नवरा टेम्पो घेऊन परतला तेव्हा आईनं त्याला आमच्या परसात बसवून सगळं समजावलं. "रोग बरा होतो, पण गोळ्या एक दिवस चुकवून चालणार न्हाई. तुलाबी तपासून घ्यावं लागंल." तो खाली मान घालून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मायला सांगू नका, बाई. ती हिला ठेवायची न्हाई."

आईसारख्या सरळ बाईला खोटं बोलायला केवढं जड गेलं असेल, ते मला आता कळतं. पण ती बोलली. काकूंना म्हणाली, "सुनेच्या अंगात रक्त न्हाई. रोज सकाळी माझ्यासमोर काढा घेऊ द्या, सहा-आठ महिने." काकूंची छातीसुद्धा तिनं वयाची तपासणी म्हणून दवाखान्यात नेऊन तपासून घेतली, ती स्वच्छ निघाली तेव्हा आई पहिल्यांदा हसली. आणि मग रोज सकाळी, आई ड्युटीवर जायच्या आधी, नंदावहिनी मागच्या दारानं यायची. आई तिच्या तळहातावर गोळ्या ठेवायची. मी गवती चहा आणि आल्याचा साधा काढा पेल्यात घेऊन उभी राहायची. गोळी गिळली की नाही ते बघायचं काम आईनं माझ्याकडे दिलं होतं. काकू भिंतीपलीकडून ओरडून विचारायच्या, "घेतला का गं काढा?" आणि वहिनी तोंड पुसत म्हणायची, "हाव, घेतला." शिक्षा म्हणून आईनं ते काम मला दिलं की माझ्यावर विश्वास आहे म्हणून, हे मी तिला कधी विचारलं नाही.

गुळवेलीची पानं गळून पुन्हा आली, हळद काढून झाली, उन्हाळा आला, आणि वहिनीच्या बांगड्या मनगटावर घट्ट बसायला लागल्या. पण डाव्या बाजूचं फुप्फुस आकसलं ते आकसलंच. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी छातीच्या एक्स-रेची काच उजेडाकडे धरून आईला दाखवलं. महिनाभर आधी आली असती तर इतकं गेलं नसतं, असं ते म्हणाले. मी आईच्या बोटाला धरून तिथंच उभी होते. पुढच्या वर्षी वहिनीचा नवरा दुसऱ्या गावी कामाला लागला, त्यांनी घर सोडलं, आणि त्या भिंतीपलीकडे दुसरं बिऱ्हाड आलं.

आता मी लातूरला राहते. आई जाऊन बरीच वर्षं झाली. गच्चीवर माझ्या कुंड्या आहेत – गवती चहा, पुदिना, ओव्याची पानं. सोसायटीतल्या बायका कधी पोटासाठी, कधी सर्दीसाठी पानं मागायला येतात आणि मला ते आवडतं. अडुळसा मात्र मी लावला नाही. कोणी विचारलं तर सांगते, त्याला जागा फार लागते.

गेल्या हिवाळ्यात एका लग्नाला गेले होते. मंगल कार्यालयात जेवणं वरच्या मजल्यावर. जिन्यात पुढे एक पोक्त बाई दर चार पायऱ्यांना कठड्याला धरून थांबत होती, मागचे लोक चुळबुळत होते, आणि बरोबरची मुलगी "हळू, अम्मा, हळू" म्हणत होती. तिनं वळून बघितलं आणि मला तिच्या आधी तिचं हसू ओळखू आलं.

"अगं, चिन्नी ना तू?"

आम्ही जिन्याच्या वळणावर थांबलो. ती मुलीला सांगत होती, ही त्या नर्सबाईंची लेक, हिच्या हातचे काढे पिऊन मी वाचले. दम लागल्यामुळे एकेक शब्द सुटा सुटा येत होता, आणि त्या प्रत्येक थांब्यावर मला माझाच तो महिना ऐकू येत होता. इतकी वर्षं जे आईलाही बोलले नव्हते ते मी लोकांच्या गर्दीत, हातात आहेराचं पाकीट घेऊन बोलून टाकलं. "वहिनी, वाचले म्हणू नका. तेव्हा मी आईला लगेच सांगितलं असतं, तर तुम्हाला आज असं थांबावं लागलं नसतं."

तिचं हसू ओसरलं. तिनं कठड्याला टेकून श्वास जागेवर येऊ दिला. मग तिनं मुलीला वर जाऊन जागा धरायला पाठवलं आणि माझा हात धरला.

"तू दहा वर्षांची होतीस गं," ती म्हणाली. "मी लग्न झालेली बाई. मला ठाऊक होतं मला काय झालंय ते, बहिणीला बघितलं होतं मी. तरी तुला तुझ्या आईशी खोटं बोलायला लावलं. तुझ्या आईची माफी मागितली मी, घर सोडायच्या दिवशी. तुझी मागायची राहिली. तू शाळेत गेली होतीस."

मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही. तिनं तिच्या पदरानं माझे डोळे पुसले, मग माझ्या खांद्यावर हात टाकला, त्यावर चांगला भार दिला, आणि राहिलेल्या पायऱ्या आम्ही थांबत थांबत चढलो.